मुलांच्या हातातील बाजार

(सावदा येथे कार्यकर्ते, शिक्षक व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



बाजार म्हणजे काय, हे सावद्याला शिकवावे लागत नाही. रावेर तालुक्यातील केळी येथील स्थानकातून दिल्लीकडे रवाना होतात, तेव्हा वजन किती भरले, भाव कोणी पाडला आणि घट कोणाच्या माथी आली, याची चर्चा घरातली लहान मुलेही ऐकत असतात. त्याच मुलांच्या हाती आता दुसरा एक बाजार आला आहे. त्याचा काटा दिसत नाही, व्यापारी ओळखू येत नाही, आणि विकला जाणारा माल म्हणजे मुलाचे लक्ष, त्याचा वेळ व त्याची माहिती. मोबाइलवरील मुलांच्या सुरक्षिततेचा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

हा बाजार घरात कसा शिरला, हे विसरून चालणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे अभ्यास मोबाइलवरून येऊ लागला. ज्या घरात एकच फोन, आणि तोही केळीच्या कापणीला जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घराने पोटाला चिमटा घेऊन दुसरा फोन घेतला. शाळेच्या गरजेपोटी आलेले हे साधन शाळा उघडल्यावर परत गेले नाही. तेव्हा ‘मुलाला फोन दिलाच कशाला?’ असा जाब आज गरीब पालकाला विचारणे अन्यायाचे होईल.

मुलांविषयीची भीती रास्त आहे. परंतु ती भलत्या दिशेने वळली की काय घडते, हे खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ती निरपराध माणसे मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली बळी पडली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्यावर मर्यादा आणली. पाच जीव गेल्यावर सुचलेले हे शहाणपण आधी का सुचले नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

खरा धोका बहुधा झोळी घेऊन येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात की, बालकांवरील लैंगिक अत्याचारांतील बहुसंख्य आरोपी त्या बालकाच्या ओळखीचे असतात. मोबाइलवर तर परका माणूसही प्रथम ओळखीचा होतो आणि मगच घात करतो. खेळातला सोबती किंवा समवयस्क मैत्रीण म्हणून तो येतो, कौतुक करतो, गुपित राखायला शिकवतो, छायाचित्र मागतो; आणि ते हाती पडताच धमकी देतो. या धमकीचे सारे बळ मुलाच्या मौनात असते. ते मूल गप्प का राहते? घरी कळले तर मार बसेल, फोन जाईल. आणि मुलगी असेल तर शाळा सुटेल व लग्नाची घाई होईल, हे त्याला ठाऊक असते म्हणून. अपराध्याला लागणारे निम्मे हत्यार अशा रीतीने घरच त्याच्या हाती देते.

उपाय म्हणून महाराष्ट्रात दोन वाटा चोखाळल्या गेल्या. २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांसी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास साऱ्या गावाने, थोरांसकट, फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवावी असे ठरले. दोन्हींमागची कळकळ खरी आहे. तथापि पहिल्या वाटेने मुलावर बंधन येते, दुसरीने थोरही स्वतःला बांधून घेतात. आणि जे थोर पाळतात तेच मुलांच्या अंगी मुरते.

मात्र गावाने भोंगा वाजविला म्हणून कंपन्यांची जबाबदारी संपत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती नाकारली. त्या कायद्यात दंड कंपनीला आहे, मुलाला वा पालकाला नाही. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिरातींचा मारा करण्यास मनाई केली आणि पालकांची संमती आवश्यक ठरविली. नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. ज्या घरात आईबापांचे अर्ज मुलगाच भरतो, तेथे पालकांची संमती कोण देणार, हेही उघड आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. या जागा कागदावर भरून भागणार नाही. शाळाशाळांतून सखी-सावित्री समित्या नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा. २०२४ च्या ऑगस्टमधील बदलापूरच्या प्रकारानंतर त्यांची पुन्हा आठवण झाली. त्या समितीची बैठक होते काय, तक्रारपेटी कोण उघडतो, हे सावद्याच्या प्रत्येक शाळेत जाऊन विचारावे. प्रत्येक वस्तीत सांगावे की, धमकीचा संदेश पुसून टाकू नये; फोन आहे तसा पोलिसांपुढे ठेवावा. मुलाचे छायाचित्र ‘पुरावा’ म्हणूनही कोणाला धाडू नये, कारण बालकांची अश्लील चित्रे पुढे पाठविणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पैशाची फसवणूक झाल्यास १९३०. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंदी आहे, हे समजले तर अब्रूच्या भीतीने गप्प बसणारी घरे पुढे येतील.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविणाऱ्या साने गुरुजींकडे छात्रालयाचीही जबाबदारी होती. मुलांवर पहारा ठेवण्याऐवजी त्यांची सेवा करावी आणि त्यांचा विश्वास मिळवावा, हा धडा खानदेशाने तेथे गिरविला आहे. त्याच धड्याची आज गरज आहे. रात्री केव्हाही मुलगी फोन आईपुढे धरून ‘हे बघ, काय आले आहे’ असे निर्धास्तपणे म्हणू शकेल, आणि आई तिच्या हातून फोन हिसकावण्याऐवजी तिला जवळ बसवून घेईल, ते घर सुरक्षित समजावे. अशी घरे वस्तीवस्तीत उभी करणे हे संघटनेचे काम आहे.