लहान मुलांची प्रार्थना

ख्रिस्ती घरात मूल प्रार्थना शिकते ते आधी कानांनी. वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात संध्याकाळी कुटुंब एकत्र बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. अक्षरओळख नसलेले मूल आजीच्या मांडीवर बसून माळेचे मणी चाचपते आणि जेवढे ऐकू येते तेवढेच शब्द तिच्यामागून म्हणते. गोव्यात प्रार्थना संपली की मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागतात. त्याला ‘बेसांव’ म्हणतात. मुलांना त्याच क्षणाची सर्वांत जास्त ओढ असते.

ही शिकवण जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणीतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका 1622 मध्ये गोव्यातील राशोल येथे छापली गेली. तिची मांडणी गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांची आहे, म्हणजे तोंडपाठ करायला सोपी. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) भजन-अभंगांच्या वळणाची ख्रिस्ती पदे लिहिली आणि प्रार्थनेला टाळांची साथ मिळाली.

सवय लागते ती ठरलेल्या वेळेमुळे: जेवणाआधी, झोपण्याआधी. दोन-तीन वाक्ये पुरतात. आधी आभार, मग आजारी शेजाऱ्यासाठी किंवा परीक्षेसाठी मागणे. पाठ केलेल्या प्रभूच्या प्रार्थनेला मुलाच्या स्वतःच्या शब्दांची जोड द्यावी. ते शब्द चुकले तरी मध्येच दुरुस्त करू नयेत.