मुक्कामी मास्तर

बऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्याचे नाव सिंधमधून आलेल्या माणसांवरून पडले. सोळाव्या शतकात तिकडे धामधूम माजली, तेव्हा सूफी आणि विद्वान घराणी खानदेशच्या फारुकी राजांच्या या राजधानीत आसऱ्याला आली. 1622 मध्ये वारलेले शेख इसा जुंदुल्ला हे त्यांच्यातले मोठे नाव. खानकाहची, म्हणजे सूफी मठाची, रीतच अशी की गुरू राहील तिथेच शिकवील, आणि धडा संपला की शेजाऱ्याचे गाऱ्हाणेही ऐकेल. ते शिक्षण धर्माचे होते, सगळ्यांसाठी नव्हते, हे कबूल. तरी त्यातली एक गोष्ट आजच्या खेड्यातल्या शाळेने घ्यावी, ती म्हणजे शिकवणाऱ्याचा मुक्काम. हजेरीपट मूल गैरहजर एवढेच सांगतो. ते कपाशी वेचायला गेले की यंत्रमागावर कांड्या भरायला, हे गावात राहणाऱ्यालाच कळते. महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या या सीमेवर तर घरची बोली एक, बाजाराची दुसरी आणि पुस्तकाची तिसरी. भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे 350-क हे कलम 1956 पासून सांगते. पण पहिलीतले मूल गप्प का बसले आहे, हे ओळखायला त्याच्या ओट्यावरची भाषा कानावरून गेलेली असावी लागते.

कोणी म्हणेल, गावात राहून काय होते? गावातच राहून पिढ्यान्‌पिढ्या काही मुलांना दाराबाहेर बसवणारे पंतोजीही होतेच. हा आक्षेप खरा आहे आणि जोतीराव फुल्यांनी तो फार आधी ओळखला होता. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी शेतकरी वर्गातले, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे, प्रसंगी नांगर धरू शकणारे प्रशिक्षित शिक्षक मागितले, आणि त्यांना पगार किमान बारा रुपये असावा असेही लिहिले. म्हणजे नुसता मुक्काम पुरत नाही, मिसळणे हवे. आणि मिसळायला पोटाची निश्चिंती हवी. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पाणी नाही, दवाखाना नाही, दाराला धड कडीही नाही, अशा जागी एकट्या शिक्षिकेने का राहावे? राहू नये. मुक्कामाची सक्ती करून मुक्काम घडत नाही. आधी घर बांधावे लागते.

पण घर होईपर्यंत एक काम बिनखर्चाचे आहे. बदली झाली की चार्ज देताना बाके, फळे, घंटा यांची डेडस्टॉक रजिस्टरवरून मोजदाद होते. कोणत्या घरचे मूल कोणत्या हंगामात शाळा सोडते, कोणाची आजी समजावले की ऐकते, कोणत्या वस्तीत कोणती बोली चालते, हे मात्र जाणाऱ्या मास्तरांबरोबर एस. टी.त बसून निघून जाते. त्याचीही एक वही असावी, आणि चार्जच्या यादीत ती घंटेच्या आधी लिहिली जावी.