चांदा फोर्ट, वडसा, मार्कंडा : एका छोट्या सहलीचं नियोजन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, १९८५च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘आमची सायकल सहल’. आधीच सांगतो, सहल फक्त तीन दिवसांची होती. नियोजन मात्र सहा महिने चाललं. म्हणून मी नियोजनावरच जास्त बोलणार आहे. शाळेत असताना माझी वही अशीच असायची. समास सुंदर आणि उत्तर अर्धवट.

सुरुवात झाली २०२३च्या उन्हाळ्यात. आपल्या तुकडीतला एक मित्र बरीच वर्षं ग्लासगोला आहे. त्याने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. सायकल घेऊन ग्लासगोहून आगगाडीने आर्ड्रॉसन नावाच्या बंदरावर गेला, तिथून बोटीत बसून तासाभरात अ‍ॅरन बेटावर उतरला. बेटाला सायकलने पूर्ण फेरी मारली तर साधारण नव्वद किलोमीटर. दोन दिवसांत फेरी झाली, परत बोट, परत गाडी. बोटीत सायकलचं भाडं नाही. खाली त्याने लिहिलं, ‘तुम्ही लोक काय करता रे रविवारी?’

आता हे असं विचारल्यावर चांद्याचा माणूस गप्प बसेल का? कोणीतरी लिहिलं, ‘आमच्याकडे गाडी आहे, नदी आहे, डोंगा आहे. बेट तेवढं नाही.’ त्यावर आपल्या बँकेतल्या मित्राने उत्तर दिलं, ‘पावसाळ्यात भामरागडला जा, बेटच बेट.’ हसण्यावारी गेलं. पण रात्री मी नकाशा काढून बसलो.

नकाशा म्हटलं की मला बाई आठवतात. आपण आठवीत होतो. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी आपल्याला जुन्या जिल्ह्याच्या नकाशावर नवी सीमा काढायला लावली. ‘कठीण नाही, वैनगंगेवरून निळी पेन्सिल फिरवा,’ असं म्हणाल्या होत्या. बाई, तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून कबूल करतो, मी ती रेघ शेजाऱ्याच्या वहीतून उतरवली होती. एकेचाळीस वर्षांनी तीच रेघ ओलांडायचा बेत मी आखत होतो. एकदा रेल्वेच्या पुलावरून, एकदा डोंग्यातून.

बेत असा होता. चांदा फोर्ट स्टेशनवरून सकाळची गोंदियाकडे जाणारी गाडी पकडायची. बाहेरगावचे पाहुणे हमखास चंद्रपूरच्या मोठ्या स्टेशनवर जाऊन उभे राहतात, ते निराळं. ते दिल्ली-चेन्नई मार्गावरचं. आपली ही बल्लारशा-गोंदिया लाईन. आपण शाळेत होतो तेव्हा इथे छोटी गाडी होती, ती नव्वदच्या दशकात मोठी झाली. केळझर, मूल मारोडा, सिंदेवाही, नागभीड, ब्रम्हपुरी आणि नदी ओलांडली की वडसा. तिथे उतरून सायकलने आरमोरीमार्गे गडचिरोली, पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी चामोर्शीवरून मार्कंडा. तिसऱ्या दिवशी मार्कंड्याच्या घाटावरून सायकलींसकट डोंग्याने पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. मग मूल आणि संध्याकाळच्या आत घरी. सगळं मिळून सायकल चालवणं दीडशे किलोमीटरच्या आसपास. पंचावन्नच्या गुडघ्यांना झेपेल असं.

पहिली अडचण आली सायकली गाडीत चढवण्याची. एक्स्प्रेस गाडीला सामानाचा डबा असतो, तिथे सायकल बुक करता येते. आपल्या लोकल गाडीत ती सोय कुठून? आम्ही आठ जण, आठ सायकली, वडशाला गाडी थांबणार जेमतेम. एक जण म्हणाला, पूर्वी दूधवाले खिडकीच्या गजांना लटकवायचे तसं करू. त्याची सायकल चाळीस हजारांची आहे, त्यानेच दोन मिनिटांनी मेसेज डिलीट केला. शेवटी आपल्या मूलच्या मित्राने, ज्याची राईस मिल आहे, आदल्या दिवशी सायकली टेम्पोने वडशाला पोचवायचं कबूल केलं. ग्लासगोहून निषेध आला की ही फसवणूक आहे. आम्ही ठराव करून फेटाळला.

दुसरी अडचण गंभीर होती. तिकडे अ‍ॅरनवर म्हणे सायकलवाल्याने पाऊस आणि वारा सांभाळायचा. आपल्याकडे वाघ. वडशाच्या जंगलात सीटी-१ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२मध्ये पकडला, त्याने तेरा माणसं मारली होती. २०२१पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्तीही गडचिरोलीत फिरतात. सहलीच्या मस्तीत हे विसरून चालत नाही. ज्याची शेती जंगलाला लागून आहे तो ते एक दिवसही विसरत नाही. वनखात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या एका सीनियरने नियम घालून दिले. ऊन पडल्याशिवाय निघायचं नाही, चारच्या आत मुक्काम गाठायचा, कोणी मागे राहायचं नाही, आणि लघवीलाही एकट्याने रस्ता सोडायचा नाही. शेवटचा नियम सर्वात जास्त मोडला गेला.

तिसरी गोष्ट डोंग्याची. ती मात्र अडचण वाटलीच नाही. आणि मला आज खरं म्हणजे त्याबद्दलच बोलायचं आहे.

७ जानेवारी २०२४, रविवार. मी आणि आणखी एक जण मोटारसायकलवर मार्कंड्याला पाहणी करायला गेलो. सोबत एक सायकल बांधून नेली होती, डोंग्यात कशी मावते ते बघायला. देवळांबद्दल मी लांबण लावत नाही, आपण सगळे शाळेच्या सहलीत गेलोय. एवढंच सांगतो की कनिंगहॅमसारखा माणूस एकोणिसाव्या शतकात बैलगाडीच्या काळात तिथे पोचला आणि त्याने त्या देवळांवर पानंच्या पानं लिहिली. आपण तासाभराच्या अंतरावर राहून महाशिवरात्रीच्या जत्रेतच तेवढे जातो. घाटावर एक ढिवर दादा डोंगा घेऊन उभे होते. चार-पाच माणसं बसलेली. मी विचारलं, ‘दादा, किती मानसं बसतात?’

‘बसतीन तेवढी,’ ते म्हणाले.

आम्ही हसलो. बसलोही. सायकल आडवी टाकली, तिचं पुढचं चाक पाण्यावर लोंबत होतं. आठ माणसं झाली. काठ पाण्यापासून वीतभर उरला होता. लाईफ जॅकेट कोणाच्या अंगावर नव्हतं, आमच्या डोक्यातही नव्हतं. मधोमध गेल्यावर मी उभं राहून फोटो काढला. दादा ओरडले, ‘बस गा बावा, पानी दिसते तसं नसते.’ मी बसलो आणि बसल्या बसल्या फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘चांद्याचं स्कॉटलंड.’ तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याला अंगठे दिले होते. मी मोजले होते.

सोळा दिवसांनी, २३ जानेवारीला, चामोर्शी तालुक्यातल्याच गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. गावातल्या बाया मिरची तोडायला नदीपलीकडच्या शेतात निघाल्या होत्या. सहा बाया गेल्या.

बातमी वाचली आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल? तो फोटो डिलीट केला. शोक वगैरे नंतर. आधी फोटो. कोणी पाहू नये म्हणून. पण ज्याला पाहायचा होता त्याने पाहिलाच होता. संध्याकाळी ग्लासगोहून मेसेज आला, त्यात टोमणा नव्हता. त्याने लिहिलं होतं, ‘इथे वारा वाढला की बोट कंपनी सकाळीच कळवते की आज बोट सुटणार नाही. प्रवासी चिडतात, पण थांबतात. आपल्याकडे हे कोण ठरवतं?’

ग्रुपवर दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही. मग आपली चामोर्शीकडची मैत्रीण, जी तिथे शाळेत शिकवते, तिने फोन केला. ती म्हणाली, ‘ठरवते मजुरी. नदीपलीकडे मिरची पिकली आहे, पूल लांब आहे, ऑटोचे पैसे दिले तर हातात काय उरेल? तिथे कोणी विचारत नाही, किती बसतात. आणि तुम्हाला तर हरणघाटचा पूल आहे. तुम्ही कशाला बसता?’

खरंच, हरणघाटला पूल आहेच. चामोर्शीहून मूलला जाणारा रस्ता त्यावरूनच जातो. थोडा वळसा पडतो इतकंच. डोंगा आमच्या बेतात होता तो केवळ अ‍ॅरनची बरोबरी व्हावी म्हणून.

सहल रद्द करायची का यावर भांडण झालं. हो, भांडणच. एकाने ग्रुप सोडला, तो आज इथे पहिल्या रांगेत बसला आहे, म्हणजे मिटलं आहे. काही म्हणाले, लाईफ जॅकेट घेऊन जाऊ, दादांचीही एका दिवसाची कमाई होईल. हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. दुसरे म्हणाले, दोन आठवडेही झाले नाहीत आणि आपण त्याच नदीत हौस म्हणून उतरायचं? आठ जॅकेटं ऑनलाईन मागवून झाली होती. शेवटी ठरलं की निघू तर खरं, डोंग्याचं घाटावर ठरवू.

२ फेब्रुवारीला, शुक्रवारी निघालो. गाडीतली गंमत मी थोडक्यात सांगतो, कारण घंटेकडे संयोजकांचा हात गेलेला मला दिसतो आहे. सिंदेवाही गेल्यावर बँकवाल्याने भाताच्या जातींवर व्याख्यान दिलं, नागभीडला पोचेपर्यंत एचएमटीवर आला. दादाजी खोब्रागडे याच तालुक्यातल्या नांदेड गावचे, निवड करकरून त्यांनी ते धान तयार केलं, हे डब्यातल्या एका आजीने त्याला सांगितलं. तो हे शिकलेला, ती ते लावलेली. तो गप्प झाला. वडशाला उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांच्या पाट्या आणि पोस्टरं. झाडीपट्टीचा हंगाम भरात होता. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलं होतं, पण रात्रभर बसून नाटक पाहिलेले आमच्यात दोघंच निघाले. तेही लहानपणी, आजोळी. आम्हाला चारच्या आत गडचिरोली गाठायची होती म्हणून नाटक हुकलं. पुढच्या वेळी नियोजनात वडशाची एक रात्र धरली आहे.

आरमोरीच्या पुढे लाखोळीच्या डाळीचे गरम वडे खाल्ले. गडचिरोलीला साडेतीनला पोचलो. पाय बोलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्कंडा.

दादा घाटावर होते. त्यांनी मला ओळखलं. ‘फोटोवाले ना?’ मी मान खाली घातली. मग आम्ही बसून चहा घेतला. गणपूरचा विषय त्यांनीच काढला. चिचडोहचं बॅरेज झाल्यापासून नदी ओळखीची राहिली नाही असं ते म्हणाले. दारं उघडली, बंद केली की पाणी बदलतं, पूर्वी पायाखाली कुठे काय आहे ते झोपेत सांगता यायचं. त्यांनी आमच्या सायकली निरखून पाहिल्या, एक उचलून वजन बघितलं. म्हणाले, ‘नेतो. पन चार चार मानसं, सायकली मागच्या खेपेत. आता आठ नाई बसवत.’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला भीती वाटली. जानेवारीत ज्या पाण्यात मी उभं राहून फोटो काढला होता तेच पाणी, तितकंच शांत, आणि माझ्याने पाय टाकवेना. दोघे जण जॅकेट घालून त्यांच्याबरोबर एक फेरी मारून आले, पैसे देऊन. बाकीचे आम्ही काठावर बसलो. रविवारी आठही जण हरणघाटच्या पुलावरून चंद्रपूर जिल्ह्यात शिरलो. पुलाच्या मधोमध थांबून मी खाली पाहिलं, बाई. तुमची निळी रेघ तिथे फेब्रुवारीत अर्धी वाळूच असते.

निघताना सहा जॅकेटं दादांकडे ठेवली होती. त्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण ‘समाजकार्य’ म्हणून आमचा इथे उल्लेख झाला. गेल्या महिन्यात मी परत गेलो होतो. दोन जॅकेटं डोंग्यात होती, लोक त्यावर बसले होते. दोन झोपडीवर वाळत होती. उरलेल्या दोन कुठे आहेत विचारल्यावर दादा म्हणाले, मिरचीला जाणाऱ्या दोन पोरींनी मागून नेली, परत आणतात रोज. ‘बाकीचे घालत नाई. उकडते म्हनतात.’

तर, यंदाची सहल फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी. यादी चहाच्या टेबलावर ठेवली आहे, नाव आणि रक्तगट दोन्ही लिहा. पहिली रात्र वडशाला नाटक. सायकल नसली तरी या, मूलचा टेम्पो यंदाही येणार आहे, आणि ग्लासगोचा मित्र या वेळी स्वतः येतो आहे. त्याला चांदा फोर्टवर उतरवायची जबाबदारी कोणीतरी घ्या. तो नक्की मोठ्या स्टेशनवर जाऊन उभा राहील.