दुखावलेला पाय आणि घरातली सायकल

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात निकाल, शिष्यवृत्त्या आणि पुढील प्रवेश यांविषयी अधिकारी मंडळी बोलणारच आहेत. मला दिलेल्या वेळात मी दुखावलेल्या पायाविषयी बोलावयाचे ठरविले आहे. प्रारंभीच सांगून टाकतो, मी बी. ए., बी. एड. झालेला एक शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. परंतु शाळेचे मैदान गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि दर वर्षी तेच चित्र पाहून हा विषय बोललाच पाहिजे असे मला वाटू लागले आहे.

ते चित्र असे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे मैदान फुलते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावयाचे असते. आजवर बसस्टँडपर्यंतसुद्धा न धावलेली मुले पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर धावू लागतात, तीही डांबरी रस्त्यावर आणि झिजलेल्या चपलांसारख्या बुटांत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते. मग दोन वाटा फुटतात. एक मुलगा दात-ओठ खाऊन धावत राहतो, आणि भरतीच्या तोंडावर त्याला चालताही येत नाही. दुसऱ्याला घरचे लोक गादीवर बसवितात. दोन महिन्यांनी तो उठतो तेव्हा दुखणे गेलेले असते, पण त्याबरोबर दमही गेलेला असतो. दोघांचीही संधी हुकते. भरतीला वयाची मर्यादा असते, तेव्हा ही संधी पुन्हा किती वेळा येणार?

मुलींची गोष्ट याहून कठीण. मुलाचा पाय मुरगळला तर तो बरा होईपर्यंत खेळ बंद होतो. मुलीचा मुरगळला तर खेळ कायमचा बंद होतो. नववीतल्या एका मुलीच्या आईने मला सांगितले, “सर, पोरीची जात आहे, पायात काही अधू राहिलं तर आम्ही काय करायचं? आता मैदान नको.” त्या माउलीची काळजी खोटी नव्हती. मी एवढेच म्हणालो, “भाभी, तिला घरात बसवाल तर पाय अधू राहण्याची भीती जास्त आहे.” हे मी कशाच्या आधारावर म्हटले, ते आता सांगतो.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे डॉक्टरांनी वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांना कोणताही आजार नव्हता. तीन आठवड्यांनी मोजले तेव्हा श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची ताकद चतुर्थांशाहून अधिक घटलेली होती. खरी मौज पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासले. आता ते पन्नाशीचे झाले होते, अंगाने सुटले होते. तरीदेखील तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती! पालकहो, “आराम कर, उठू नकोस” असे आपण प्रेमाने म्हणतो, तेव्हा हा हिशोब आपल्या ध्यानात असतो काय?

दुखावलेल्या जागेला विश्रांती हवी, यात वाद नाही. प्लास्टर घातलेल्या हाडाला भार द्यावयाचा नाही, तो डॉक्टर सांगतील तेव्हाच द्यावयाचा. पण उजवा घोटा दुखावला म्हणून डावा पाय, पाठ, दंड, हृदय आणि फुप्फुसे यांनी काय गुन्हा केला? शिवाय दुखावलेला भागसुद्धा नुसत्या विश्रांतीने बळकट होत नाही. हाड, स्नायू, शिरा ही सारी भार घेऊनच भार पेलण्यास शिकतात. प्लास्टर काढल्यावर पोटरी वाळकी आणि बारीक झालेली आपण सर्वांनीच पाहिली आहे. माझी स्वतःची पाहिली तेव्हा ती दुसऱ्या कोणाची असावी असे वाटले. उतारावर एक म्हैस आडवी आली, मी सायकलवरून पडलो आणि घोट्याचे हाड मोडले. सहा आठवड्यांच्या प्लास्टरने झालेली पोटरीची झीज भरून यावयास मला पाच महिने लागले.

आता सायकलीकडे येऊ. हल्ली आपल्या तालुक्याच्या गावी जाड टायरची, गिअरची सायकल सर्रास मिळते आणि मुले हट्टाने ती घेतात. तिला माउंटन बाइक म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत काही हौशी तरुण जुन्या जड सायकली घेऊन मातीच्या उतारांवर शर्यती लावीत. त्या उतारावर ब्रेकमधले ग्रीस जळून जाई व दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्या खटपटीतून ही सायकल जन्मली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तिची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली. आपली मुले मात्र ती बहुधा मोबाईलच्या दुकानापर्यंतच नेतात. असो.

दुखापतीतून उठणाऱ्या धावपटूला ही सायकल इतकी उपयोगी का? धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आघात पायावर येतो, आणि एका किलोमीटरला अशी सुमारे हजार पावले पडतात. सायकलवर शरीराचे वजन सीटवर बसलेले असते, आघात जवळजवळ नसतोच, पण दम मात्र धावण्याइतकाच लागू शकतो. नडगी, टाच, घोटा यांच्या बऱ्याच दुखण्यांत डॉक्टर धावणे बंद करावयास सांगतात, पण सायकल चालू ठेवू देतात, ते यामुळेच. म्हणून डॉक्टरांना “आराम किती दिवस?” एवढेच न विचारता “या काळात काय करू शकतो?” हेही विचारावे. आपण विचारले नाही तर गर्दीच्या दवाखान्यात ते आपणहून सांगतीलच असे नाही.

सायकल घरी असली तरी ती नीट लावलेली असावी लागते. आपल्याकडे सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. अशा सायकलवर गुडघा सतत दुमडलेला राहतो आणि घोटा बरा होता होता गुडघ्याची वाटी दुखू लागते. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट वर घ्यावी. गिअर हलका ठेवून पाय भराभर फिरवावेत. जड गिअरमध्ये रेटा देत चढ चढणे हे बऱ्या पायाचे काम आहे. टाचेमागची शीर दुखत असेल तर पेडलवर चवडा न ठेवता पावलाचा मधला भाग ठेवावा. आणि हाताचे किंवा खांद्याचे हाड मोडले असेल तर कच्च्या रस्त्याचे नावही काढू नये. तेथे हँडलमधून बसणारे हादरे सरळ त्या हाडावर जातात. अशा वेळी डॉक्टरांच्या परवानगीने सायकलचे मागचे चाक घोडीवर अधांतरी पक्के बसवून, अंगणातच पेडल मारावे.

हे खेडवळ उपाय वाटतील. पण इंग्लंडच्या टॉम पिडकॉकचे उदाहरण पाहा. मे २०२१ च्या अखेरीस सरावात मोटारीची धडक बसून त्याचे गळ्याजवळचे, खांद्याला जोडणारे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आणि थोड्याच दिवसांत तो जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर सराव करू लागला. २६ जुलै २०२१ रोजी जपानमध्ये ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीचे सुवर्णपदक त्याने जिंकले. विद्यार्थी मित्रांनो, यातून आठ आठवड्यांत आपणही शर्यत जिंकू असा अर्थ काढू नका. त्याच्या पाठीशी डॉक्टरांचा ताफा होता. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच की हाड जुळत असताना त्याने पाय आणि दम झोपू दिले नाहीत.

धावण्याकडे परत कधी जावे? येथे दुखण्याची भाषा शिकावी लागते. २००७ साली स्वीडनमध्ये टाचेमागच्या शिरेच्या जुन्या दुखण्याने त्रस्त अशा ३८ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना पोटरीचे व्यायाम दिले होते. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणे व उड्या मारणे बंद ठेवले. दुसऱ्याने ते चालू ठेवले, पण दुखणे मोजून. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरून दुखणे पाचापलीकडे जाऊ द्यावयाचे नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमले पाहिजे, हा नियम. वर्षभराने पाहता धावत राहिलेला गट मागे पडला नव्हता. तो अभ्यास शिरेचा होता, हाडाचा नव्हे, ही गोष्ट मात्र विसरू नये. शाळकरी मुलांसाठी मी पाचाऐवजी तीनचीच मर्यादा धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना पाय कालच्यापेक्षा जास्त दुखला, तर काल जास्त झाले असे समजावे व आजचा दिवस सायकलवर काढावा.

अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल, दुखऱ्या पायावर जागच्या जागी लंगडी घालता येत असेल, तर मातीच्या सपाट मैदानावर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा करावे, तेही एक दिवस आड. मधल्या दिवशी सायकल. धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत आणि वेग सर्वांत शेवटी. आपल्या भागात चढउतार फार. लोकांना चढाची भीती वाटते, पण दुखऱ्या पायाला खरा त्रास उतारावर धावण्याने होतो, कारण तेथे प्रत्येक पाऊल ब्रेकचे काम करते. म्हणून चढ धावून गेलात तरी उतार चालत या. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या मुलांनी धावण्याचा भाग इफ्तारनंतर ठेवावा, म्हणजे पाणी पिता येते. दिवसा करावयाचेच असेल तर हलकी सायकल पुरे.

आता पालकांनी कान देऊन ऐकावे असे दोन शब्द. पहिला, मालिशविषयी. हात-पाय दुखावला की आपण मुलाला हाडवैद्याकडे नेतो आणि तो जोर लावून चोळतो. ताज्या दुखापतीत स्नायूमध्ये रक्त साकळलेले असते. त्याला रगडल्यास कधी कधी त्या स्नायूतच हाडासारखा कठीण खडा तयार होतो. लहान मुलांचे कोपर अशा मालिशीने कायमचे ताठ झाल्याची उदाहरणे डॉक्टरांना नित्य दिसतात. हळदीचा लेप लावलात तर माझी हरकत नाही, पण रगडणे नको. आणि पडल्यानंतर मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर लेपात वेळ न घालविता त्याच दिवशी एक्स-रे काढावा.

दुसरा शब्द एक्स-रेविषयी. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर जागा दुखते, ते बहुधा हाडावरचा ताण वाढल्याचे लक्षण असते आणि धावणे कमी केल्यास उतरते. परंतु एका बोटाने दाखविता येईल अशी एकच जागा दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. “एक्स-रेमध्ये काही नाही, म्हणजे नाटक करतो आहे” असे म्हणून भरतीच्या तयारीतल्या एका मुलाला घरच्यांनी पुन्हा मैदानावर पाठविले होते. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला तेव्हा चीर स्पष्ट दिसली. मूल जेव्हा बोट ठेवून जागा दाखविते तेव्हा त्याचे म्हणणे ऐकावे. अशा चिरेला सहा ते आठ आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवावे लागते. त्या काळात डॉक्टरांच्या संमतीने सायकल हाच आधार असतो.

आणि भगिनींनो, धावणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्महिने चुकत असेल तर ते लाजेने झाकून ठेवू नका. कष्टाच्या मानाने तिच्या पोटात अन्न कमी जात आहे असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि अशा मुलींच्या हाडांना चीर लवकर जाते. तिला घरी बसविण्याआधी तिच्या ताटातले वाढवा आणि डॉक्टरला दाखवा.

त्या नववीच्या मुलीचे काय झाले, असे काही जण विचारतील. तिचा भाऊ शिकावयास शहरात गेला होता, त्याची सायकल घरी गंजत पडली होती. तिच्या अब्बांनी ती साफ करून घेतली. सहा आठवडे ती अंगणात घोडीवरच पेडल मारीत होती, मग रस्त्यावर आली आणि आता आठवड्यातून तीन दिवस मैदानावर धावते. आई अजून अधूनमधून फाटकापाशी येऊन पाहून जातात.

ज्यांच्या घरी अशा सायकली धूळ खात असतील त्यांनी त्या रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या पटांगणात आणाव्यात. पाना आणि पंप माझ्याकडे आहे. सीटची उंची प्रत्येकाची मापून लावून देईन. पायाचा जुना एक्स-रे असल्यास तो मुलाच्या डॉक्टरांना आधी दाखवावा, आणि त्यांनी काय करू दिले आहे ते कागदावर लिहून आणावे.