काटा हलत नाही तेव्हा



दिवाळीपासून आमच्या गटातल्या आम्ही नऊ जणी सकाळी फाट्यापर्यंत चालत जाऊन येतो. पाऊण तास लागतो. दोन महिन्यांनी उपकेंद्रातल्या काट्यावर उभ्या राहिलो, तर बहुतेकींचं वजन होतं तेवढंच! घरी बोलणी बसली, "एवढी पायपीट करून काय मिळवलंस?" दोघींनी यायचं बंद करायचं म्हटलं. एक तर वजन उतरवायची पावडर आणायला निघाली होती. तिच्या एका डब्याची किंमत म्हणजे आमची कितीतरी महिन्यांची बचत.

आता काटा काय सांगतो ते बघू. हाडं, स्नायू, चरबी, पाणी, सकाळी खाल्लेली भाकरी, सगळ्याची मिळून बेरीज. चालण्या-उचलण्याने चरबी उतरली आणि स्नायू भरले, तर बेरीज तीच राहू शकते. किलोभर कापसाला गाठोडं लागतं, किलोभर ज्वारी पिशवीच्या तळाशी बसते. चरबी आणि स्नायूंत एवढा मोठा फरक नाही, पण जागा चरबीच जास्त अडवते. शिवाय पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, तेव्हा किलोभर वजन उगाच वाढलेलं दिसतं.

म्हणून आम्ही कंबर मोजायला घेतली. शिवणकामाची टेप पुरते. सकाळी उपाशीपोटी, लुगडं-परकराची गाठ बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. (हसू नका, सगळ्याच ओढतात.) तिशीपुढच्या बायकांचा आशाताई जो फॉर्म भरतात, त्यातही कमरेचा घेर असतो. 80 सेंटीमीटरपर्यंत शून्य गुण, 81 ते 90 ला एक, त्यापुढे दोन. 80 सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. गुण वाढले की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढला असं समजायचं. टेप नसेल तर सुतळी घ्या, गाठ मारा आणि महिन्याने त्याच सुतळीने बघा.

दुसरं मोजमाप ताकदीचं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. गुडघे दुखत असतील तर हा प्रकार सोडून द्या. त्याऐवजी पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना कुठे थांबावं लागतं, ती जागा लक्षात ठेवा.

रक्तदाब आणि हिमोग्लोबिन उपकेंद्रात तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर चालून दम लागू शकतो. तिथे आधी रक्त वाढवायचं बघावं लागतं.

आणि एक गोष्ट. काही न करता वजन उतरायला लागलं, तहान फार लागते, सारखं लघवीला जावं लागतं, तर खूश होऊ नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

आम्ही हे आकडे बचतीच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. महिन्यातून एकदाच, बैठकीच्या दिवशी. पावडर आणायला निघालेलीची कंबर दीड इंच उतरली. दुसरीची सुतळी आहे तिथेच आहे, पण खुर्चीवरून नऊ वेळा उठणारी आता तेरा वेळा उठते, आणि देवळाच्या चढावर आमच्या पुढे असते.