फार्मसीचा प्रवेश आणि घरातले कागद
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावं असा प्रघात आहे. आम्ही आज फार्मसीच्या प्रवेशावर बोलणार आहोत. भन्तेजींची परवानगी घेतली आहे.

आपल्या वस्तीतली चार-पाच पोरं मेडिकलच्या दुकानात कामाला आहेत. डॉक्टरचं अक्षर त्यांना लागतं. कुठली गोळी कुठल्या फळीवर, ते अंधारात सांगतील. पण भिंतीवरच्या चौकटीत नाव दुसऱ्याचं. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. पंधरा वर्षं काउंटरला उभं राहून ती नोंदणी होत नाही. त्याला पदविका नाहीतर पदवी लागते.

पदविका म्हणजे डी. फार्म. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री आणि जोडीला बायोलॉजी किंवा गणित. दोन वर्षं शिक्षण, वर ५०० तास प्रत्यक्ष काम. आपल्या राज्यात हा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो. बी. फार्म. चार वर्षांचं, त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डी. फार्म. झालेल्याला पुढं बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे पोरांना ठाऊक असतं. गाडी अडते ती कागदाला.

आमच्या थोरल्यानं २०१३ साली अर्ज भरला. मार्क होते, जातीचा दाखला होता. जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं, नुसती अर्जाची पावती होती. पावतीवर तात्पुरता प्रवेश दिला आणि मुदत घातली. आम्ही पाळी बदलून घेऊन खेपा घातल्या. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणाले. आमचे वडील शाळेत गेलेच नव्हते, पुरावा आणणार कुठून? त्यांचं गिरणीचं जुनं कार्ड नेलं, तर त्यावर जात नाही म्हणून परत केलं. आमच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, पोराच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. साहेब विचारतात, तुम्ही दोघं एकाच घरातले ना?

आता यात घोटाळा कुणाचा? १९५६ नंतर आपण अभिमानानं बौद्ध लिहिलं. केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या १९९० साली. मधल्या काळात कुणी भीतीनं, कुणी मास्तरांच्या सांगण्यावरून जुनंच लिहित राहिलं, आणि ती सवय पुढंही सुटली नाही. जात आपण टाकली, पण पोराच्या शिक्षणासाठी तीच शोधत गावाला जावं लागलं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. तरी जावं लागतं. शेवटी तहसिलात कोतवाल बुकात वडिलांच्या जन्माची नोंद सापडली. तोवर मुदत संपली होती, जागा गेली होती. मघाशी चार-पाच पोरं म्हणालो, त्यातला एक आमचा.

प्रमाणपत्र नंतर आलं. धाकटीच्या वेळी थोरल्याचंच प्रमाणपत्र जोडलं, तिचं काम अकरावीतच झालं. ती आज नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. भाऊ तिला ताई म्हणतो, थट्टेनं.

तेव्हा पालकांनो, निकालाची वाट बघू नका. अकरावीला नाव घातलं की कागद काढा. वडिलांकडच्या कुणा रक्ताच्या नातेवाइकाकडं वैधता असेल तर भाऊबंदकी बाजूला ठेवून मागून घ्या. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो आधी निस्तरा. आणि एजंटाला पैसे देण्यापूर्वी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते स्वतः बघा. मान्यता नसेल तर दोन वर्षं आणि फी दोन्ही पाण्यात.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही इथंच बसणार आहोत. घरातले असतील नसतील ते जुने कागद घेऊन या. पत्र्याच्या पेटीतले, फोटोच्या मागं खोचलेले, सगळे. झेरॉक्स आम्हाला द्या, मूळ कागद कुणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा.

जय भीम.