इस्ट्रोजेनची रूपे आणि मासिक पाळीचा क्रम
(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र आमचा प्रांत नव्हे. तथापि स्त्रीरोग विभागात येणाऱ्या कुटुंबांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. ज्या विषयाची घरात चर्चा होत नाही, त्याच विषयातील निर्णय घरातील मंडळी घाईने घेतात. म्हणून आज हा विषय निवडला आहे.

इस्ट्रोजेन हे एकच द्रव्य नसून तो संप्रेरकांचा एक समूह आहे. त्यातील इस्ट्रोन १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळविले. इस्ट्राडिओल, इस्ट्रोन आणि इस्ट्रिऑल ही या समूहाची तीन प्रमुख रूपे. चौथे, इस्टेट्रॉल, केवळ गर्भारपणात गर्भाच्या यकृतात तयार होते.

पाळीच्या वर्षांत मुख्य कारभार इस्ट्राडिओलचा असतो. पाळी सुरू होते तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी बीजांडकोशाला संदेश देते. तेथे स्त्रीबीजाभोवतीचे पुटक वाढू लागते आणि इस्ट्राडिओल स्रवते. त्यामुळे गर्भाशयाचे झडलेले अस्तर पुन्हा उभे राहते. रक्तातील याचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! हे प्रमाण मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन दोन दिवस टिकले, की एरवी त्यामुळे आवरून राहणारी पियुषिका उलट मोठ्या प्रमाणात दुसरे संप्रेरक सोडते आणि त्यानंतर सुमारे दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडते. मागे उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन व काही इस्ट्राडिओल निर्माण करतो. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवून त्याला गर्भधारणेयोग्य करते. गर्भ न राहिल्यास सुमारे १४ दिवसांत पीतपिंड क्षीण होतो, दोन्ही संप्रेरके उतरतात आणि पाळी येते.

आमच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि खर्च या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. स्त्रीबीज बाहेर न पडल्यास प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर केवळ वाढत राहते आणि रक्तस्राव अनियमित वा अतिशय होतो. वयात येणाऱ्या मुलींमध्ये आणि पाळी थांबण्याच्या सुमारास हे विशेष आढळते.

इस्ट्रिऑल हे गर्भारपणाचे इस्ट्रोजेन. ते घडविण्यात गर्भ आणि वार या दोघांचाही वाटा असतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोनचे प्राबल्य असते. ते मुख्यतः शरीरातील चरबीत तयार होते. म्हणूनच उतारवयातील स्थूल स्त्रीच्या गर्भाशयाचे अस्तर प्रोजेस्टेरॉनच्या अंकुशाविना वाढू शकते व त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी वर्षभर थांबल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी तपासणी टाळू नये.

आता मुख्य मुद्दा. "पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल," असा आग्रह नातेवाईक अनेकदा धरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाला समिती नेमावी लागली, हे आपणांस स्मरत असेल. गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढले, तर इस्ट्राडिओलचा मुख्य स्रोत एका दिवसात आटतो. तिशी-पस्तिशीतील स्त्रीला अकाली रजोनिवृत्ती येते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. काही आजारांत ही शस्त्रक्रिया अटळ असते, हे खरे. परंतु अतिरक्तस्रावावर औषधे आणि इतर उपचारही आहेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : निदान नेमके काय आहे? दुसरा उपाय आहे का? बीजांडकोश राखता येतील का?

घरातील प्रत्येक मुलीने व स्त्रीने पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. प्रौढ स्त्रीची पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांपलीकडे वारंवार येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. पुरुष मंडळींनीही या संभाषणापासून दूर राहू नये.

देणगीदारांच्या औदार्याने रुग्णालये उभी राहतात. परंतु योग्य वेळी विचारलेला प्रश्न अनेकदा शस्त्रक्रियाच वाचवितो. तो विचारण्याचे धैर्य आपल्या घरांत यावे, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.